ऑटोमन खेळताना आधी काय, मग काय

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ हा संगणकावर राज्य चालवण्याचा खेळ नव्याने खेळायला घेतला की जो तो सांगतो, ऑटोमन घे, सोपं आहे. ताकदीपुरतं ते खरं आहे. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, तेव्हा बाल्कन आणि अनातोलियातलं कोणतंही छोटं राज्य एकट्याने तुमच्यापुढे उभं राहू शकत नाही. अवघड आहे ते पुढचं. चारही बाजूंना जिंकण्याजोगा मुलूख दिसतो आणि नेमका कुठला हात आवरायचा हे कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

मी संगमनेरजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर हिशेब बघतो. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. मी आधी पशुखाद्याची उचल बघतो, ती वजा करतो आणि मगच हातात किती पडणार ते सांगतो. ऑटोमनांचा कारभारही मी असाच करतो. लॅपटॉपशेजारी एक वही असते, तिच्यात तीन रकाने: प्रशासन, मुत्सद्देगिरी, लष्कर. हे तीन प्रकारचे पॉइंट हीच तुमची खरी तिजोरी. सोन्याची नाणी कमी पडली तर कर्ज मिळतं, पॉइंट उसने मिळत नाहीत.

प्रत्येक रकान्यात महिन्याला मुळात ३ पॉइंट येतात. त्यात सुलतानाच्या कुवतीचे ० ते ६ आणि सल्लागाराचे वेगळे. समजा प्रशासनात ३ अधिक ४ अधिक १, असे महिन्याला ८ आले, तर वर्षाचे झाले ९६. प्रशासकीय तंत्रज्ञानाची एक पायरी मुळात ६००ची, म्हणजे सहा वर्षांहून जास्त कमाई. याच रकान्यातून नवे प्रांत पक्के करायचे (कोअर करायचे), राज्याचं स्थैर्य वाढवायचं, महागाई उतरवायची आणि पाचव्या पायरीनंतर आयडियाही (राज्याला मिळणारे कायमचे फायदे) घ्यायच्या, त्यातली एकेक ४००ची. म्हणून लढाईला निघण्याआधी वहीत लिहा: हा मुलूख पक्का करायला किती पॉइंट लागतील आणि तेवढे कधी जमतील? उत्तर नसेल तर थांबा. पक्क्या न झालेल्या मुलखाचा बोजा १०० टक्क्यांच्या वर गेला की बंडं आणि वाईट घटनांची रांग लागते. मग जिंकलेल्या प्रांतातच फौज अडकून पडते.

सल्लागारांवर पहिल्या दिवसापासून पैसे घाला. स्वस्तातले, सगळ्यात खालच्या पायरीचे का होईनात, तिन्ही ठेवा. राष्ट्रीय भर मी प्रशासनावर ठेवतो. तिथे महिन्याला २ वाढतात, बाकी दोन्हीकडे एकेक कमी होतो. हा भर बरीच वर्षं बदलता येत नाही, त्यामुळे घाईत क्लिक करू नका.

पहिलं लक्ष्य कॉन्स्टँटिनोपल, त्यावर दुमत नाही. खरा वेढा १४५३ साली पडला, खेळात तुम्ही तो बराच आधी घालू शकता. मात्र युद्ध पुकारण्यापूर्वी बायझंटियमच्या मित्रांच्या यादीवर बोट ठेवून एकेक ढाल (राज्याचं चिन्ह) तपासा. दर खेळात ती यादी वेगळी असते. गॅली जहाजं शहरासमोर उभी करून बंदर बंद करा, नुसत्या जमिनीवरच्या वेढ्यापेक्षा तट लवकर पडतो. शहर पडलं की राजधानी एदिर्नेहून तिथे हलवायचा निर्णय घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रांत घेतला की शेजाऱ्यांच्या मनात राग साठतो. खेळणारे त्याला नुसतं एई (ॲग्रेसिव्ह एक्सपान्शन) म्हणतात. तो ५०च्या वर गेला आणि त्या राज्याचं तुमच्याबद्दलचं एकूण मत उणे असलं, की ते तुमच्याविरुद्धच्या युतीत जायला तयार होतं. अशी चार राज्यं जमली की युती उभी राहते. माझ्या दुसऱ्या खेळात मी सर्बिया आणि बोस्निया घेऊन लगेच हंगेरीचे प्रांत तोडले, आठ वर्षांच्या आत. हंगेरी, ऑस्ट्रिया, व्हेनिस आणि पोलंड एका रांगेत उभे राहिले. त्या रात्री युतीच्या पडद्यावर त्यांच्या ढाली मोजताना मला कळलं, की फौज कितीही मोठी असली तरी चार सीमांवर ती एकाच वेळी पुरत नाही.

उपाय असा. हा राग धर्म आणि अंतर बघून साठतो. बाल्कनमधले ख्रिस्ती प्रांत घेतले की ख्रिस्ती राज्यं जास्त चिडतात. करामानसारख्या अनातोलियातल्या बेयलिकांना (छोट्या तुर्की राज्यांना) हात लावला की मुस्लिम शेजारी. म्हणून एक घास पश्चिमेचा, पुढचा पूर्वेचा. एकीकडचा राग वर्षाला साधारण २ने उतरत असतो, तोवर तुम्ही दुसरीकडे असता. तहाच्या पडद्यावर सही करण्याआधी कोण किती चिडणार ते दिसतं. तिथे दोन मिनिटं घालवा. एखादा प्रांत वगळला आणि युतीतलं चौथं राज्य गळालं, तर तो प्रांत सोडलेलाच बरा. मोकळा राजदूत असेल तर त्याला सर्वाधिक चिडलेल्या राज्याशी संबंध सुधारायला धाडा.

इतिहासातही सुलतान दिशा बदलत होते. सलीमने १५१४ ला चाल्दिरानला इराणच्या सफवींना हरवलं, १५१६-१७ मध्ये इजिप्त-सीरियातलं मामलुकांचं राज्य बुडवलं. त्याचा मुलगा सुलेमान पश्चिमेला वळला, १५२१ ला बेलग्रेड, १५२६ ला मोहाच. १५२९ ला व्हिएन्नाच्या वाटेवर पावसाने चिखल झाला आणि जड तोफा मागेच राहिल्या. खेळातही तोफांशिवाय किल्ल्यावर जाऊ नका. त्या लष्करी तंत्रज्ञानाच्या सातव्या पायरीवर येतात, त्यामुळे लष्कराचे पॉइंट बंडं दडपण्यात उधळू नका.

बेयलिकं आटोपली की मामलुकांकडे बघा, हंगेरीकडे नको. कारण व्यापार. अलेप्पो आणि अलेक्झांड्रिया या दोन्ही नाक्यांवरचा माल कॉन्स्टँटिनोपलकडे वळवता येतो. मी पहिल्या तहात अलेप्पोच्या आसपासचे प्रांत मागतो, तहाची मुदत सरेपर्यंत ते पक्के करतो आणि तेवढ्या काळात पश्चिमेला एखादं छोटं युद्ध उरकतो. दुसऱ्या युद्धात कैरो. मग एक व्यापारी अलेप्पोला, एक अलेक्झांड्रियाला, दोघांनाही माल पुढे ढकलायला सांगायचं आणि गोळा करायचं ते फक्त राजधानीच्या नाक्यावर. पुढच्या महिन्याच्या जमेत फरक दिसतो, त्यातून सल्लागारांचा दर्जा एकेक पायरीने वाढवा. सुरुवात प्रशासनाच्या सल्लागारापासून.