सी ड्राइव्ह भरला आहे: पुसण्यापूर्वी मोजावे कसे

लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘लो डिस्क स्पेस’ अशी सूचना झळकली की बहुतेक जण पहिला हात घालतात तो फोटोंच्या फोल्डरला, कारण तो समोर असतो आणि त्यात काय आहे हे ठाऊक असते. दोनचारशे फोटो पुसून जेमतेम एक जीबी जागा मिळते आणि चार दिवसांत तीच सूचना पुन्हा येते. माझ्या अनुभवात जागा खाणाऱ्या वस्तू तीनचारच असतात, त्या मोठ्या असतात आणि सहसा नजरेआड असतात. म्हणून काहीही पुसण्याआधी मोजमाप करावे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. पुढील सूचना विंडोज ११ साठी आहेत. विंडोज १० मध्येही थोड्याफार फरकाने त्याच लागू पडतात.

प्रथम कोणता ड्राइव्ह भरला आहे ते पाहावे. ‘धिस पीसी’ उघडल्यावर भरत आलेल्या ड्राइव्हची पट्टी लाल दिसते. ती सी ड्राइव्हची असेल, तर पुढे वाचावे. परंतु कधीकधी एखाद्या अपडेटनंतर जेमतेम पाचशे एमबीचा, पूर्वी कधीही न दिसलेला ड्राइव्ह प्रकट होतो आणि सूचना त्याच्याबद्दल असते. तो बहुधा दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला रिकव्हरी विभाग असतो. तो भरलेला असणे हीच त्याची नेहमीची अवस्था असल्यामुळे त्यातील काहीही पुसू नये. त्याला चुकून मिळालेले ड्राइव्हचे अक्षर (डी, ई असे) काढून टाकले की सूचना थांबते.

आकड्यांबद्दलचा एक गैरसमजही येथेच दूर करावा. २५६ जीबीचा म्हणून घेतलेल्या लॅपटॉपवर २३८ जीबीच दिसतात, तेव्हा दुकानदाराने फसवल्याची शंका येते. वस्तुतः डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी म्हणते. भागाकार केला की २५६ चे २३८ होतात. त्यातून रिकव्हरी आणि इतर लहान विभाग वजा जातात, ते वेगळेच.

जागा अगदी शून्यावर आली असेल, तर मोजमापाचे साधन चालवण्यापुरती सवड आधी करून घ्यावी लागते. त्यासाठी रिसायकल बिन रिकामी करावी. पुसलेली फाइल तिथे पडून राहते आणि ती रिकामी करेपर्यंत एक बाइटही मोकळा होत नाही, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते. त्यानंतर एखादा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवावा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करावा.

आता मोजमापाकडे वळू. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडले की विंडोज स्वतःच वर्गवारी दाखवते; ‘शो मोअर कॅटेगरीज’ दाबल्यावर ती पूर्ण दिसते. सुरुवातीला हे पुरते. मात्र सर्वांत मोठा आकडा ‘अदर’ या शीर्षकासमोर असेल, तर ही वर्गवारी निरुपयोगी ठरते, कारण ‘इतर’ म्हणजे काय हे ती नेमके सांगत नाही. अशा वेळी मी विझट्री हे लहानसे साधन वापरतो. ते प्रत्येक फोल्डर उघडत बसण्याऐवजी डिस्कची अनुक्रमणिकाच थेट वाचते, म्हणून काही सेकंदांत फोल्डर आकारमानानुसार उतरत्या क्रमाने मांडते. ते ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावे, म्हणजे लपलेले फोल्डरही मोजले जातात.

माझ्या आतेभावाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तो ऑनलाइन शिकवण्या घेतो आणि त्यांचे व्हिडिओ लॅपटॉपवरच संपादित करतो. ‘रोज दोन जीबी पुसतो, संध्याकाळी पुन्हा लाल पट्टी,’ अशी त्याची तक्रार होती आणि तोपर्यंत त्याने मुलीच्या वाढदिवसाचे फोटोही काढून टाकले होते. मोजल्यावर २३७ जीबींपैकी १६८ जीबी एकट्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये निघाले. त्यात शिकवण्यांचे व्हिडिओ ४१ आणि ‘डाउनलोड्स’ २६ होते. पण ९४ जीबी होते ‘अ‍ॅपडेटा’ या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये. तिथे संपादनाच्या सॉफ्टवेअरने साठवलेल्या कॅशे फाइली, म्हणजे काम लवकर व्हावे म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती, ५७ जीबींच्या होत्या आणि दोन वर्षांपूर्वी विकलेल्या आयफोनचा बॅकअप २३ जीबी अडवून बसला होता. ‘डाउनलोड्स’मध्ये एकच इन्स्टॉलर कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन अशा नावांनी चार वेळा उतरवलेला होता. फोटोंचे फोल्डर या यादीत कुठेच वर नव्हते.

यातील प्रत्येक वस्तू काढण्याची रीत वेगळी आहे आणि सफाईत खरी चूक होते ती इथे. ‘अ‍ॅपडेटा’तील फोल्डर हाताने पुसू नयेत, कारण त्यातच ब्राउझरचे पासवर्ड, मेलची साठवण आणि सॉफ्टवेअरच्या नोंदी असतात. कॅशे त्या-त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमधून रिकामी करावी आणि तिथेच तिची कमाल मर्यादा ठरवून द्यावी, नाहीतर महिन्याभरात ती पुन्हा वाढेल. आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरने घेतलेला फोनचा बॅकअप आयट्यून्सच्या ‘प्रेफरन्सेस’मधील ‘डिव्हाइसेस’ या भागातून पुसावा. आतेभावाच्या लॅपटॉपवर या दोन गोष्टींनीच ८० जीबी मोकळे झाले. व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर गेल्यावर आणखी ४१ मिळाले.

विंडोजचा स्वतःचा कचरा ‘स्टोरेज’मधील ‘टेम्पररी फाइल्स’ या ठिकाणी काढता येतो. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही एक नाव असते. त्यासमोर खूण नाही याची खात्री केल्याशिवाय ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबू नये. कार्यालयातून आलेली पत्रे, आधारची प्रत, विजेची बिले हे सारे बऱ्याच जणांच्या बाबतीत तिथेच पडलेले असते. विंडोजची मोठी आवृत्ती नुकतीच बदलली असेल, तर याच यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसते. ही जुन्या आवृत्तीची प्रत अनेक जीबींची असते आणि साधारण १० दिवसांनी आपोआप निघून जाते. नवी आवृत्ती नीट चालत असेल, तर ती आधीही काढता येते, पण त्यानंतर मागे परतता येत नाही.

वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण (‘ढग’ म्हणजे क्लाउड) वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. विंडोज अनेकदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीनही फोल्डर वनड्राइव्हशी जोडून ठेवते. अशा फोल्डरमधील फाइल ‘ढगात तर आहेच’ असे समजून लॅपटॉपवरून पुसली, की ती ढगातूनही जाते आणि फोनवरही दिसेनाशी होते. वैयक्तिक खात्यात ती ३० दिवस तिथल्या रिसायकल बिनमध्ये सापडू शकते, त्यानंतर नाही. जागाच हवी असेल, तर फाइलवर उजवी कळ दाबून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे. हिरव्या खुणेच्या जागी ढगाचे चिन्ह आले, म्हणजे फाइल सुरक्षित राहून लॅपटॉपवरील जागा सुटली.

मोजणीत दिसणाऱ्या काही मोठ्या गोष्टींना मात्र हात लावायचा नसतो. ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘विनएसएक्सएस’ दहा जीबींच्या वर दिसतो. पण त्यातील पुष्कळ फाइली म्हणजे दुसरीकडे असलेल्या फाइलींचीच दुसरी नावे असतात, त्यामुळे एकाच जागेची मोजणी दोनदा होते. शेजारचा ‘इन्स्टॉलर’ फोल्डर पुसला, तर पुढे एखादे सॉफ्टवेअर अद्ययावत करताना किंवा काढताना अडते. ‘पेजफाइल’ ही मेमरीला हातभार लावणारी फाइल आहे, तिच्या वाटेला जाऊ नये. ‘हायबरफिल’ या फाइलीबाबत निवडीला वाव आहे. हायबरनेट करताना, म्हणजे उघडे काम तसेच राखून लॅपटॉप बंद करताना, मेमरीतील मजकूर या फाइलीत उतरवला जातो. तिचा आकार सामान्यतः रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबींच्या आसपास असतो. हायबरनेशन बंद केल्यास ही फाइल जाते, पण तिच्याबरोबर लॅपटॉप लवकर सुरू करणारी ‘फास्ट स्टार्टअप’ची सोयही जाते. बॅटरीवर काम करणाऱ्याला मी हा उपाय सुचवणार नाही. इतर सर्व मार्ग संपले असतील तरच तो करावा.

सगळे फोल्डर मिळून बेरीज १५० जीबी होते आणि ड्राइव्ह मात्र १९० भरलेला दिसतो, असे झाले तर ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ पाहावे. तिथल्या ‘कॉन्फिगर’मध्ये जुन्या रीस्टोअर पॉइंटांनी, म्हणजे बिघाड झाल्यास मागे परतण्यासाठी विंडोजने जपलेल्या नोंदींनी, किती जागा घेतली आहे ते कळते आणि सरकपट्टी मागे ओढून त्यांची मर्यादा कमी करता येते. जागा रोज ठरावीक प्रमाणात घटत असेल, तर सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा मोजणी करून फरक कोणत्या फोल्डरमध्ये पडला ते पाहावे. बहुधा एखादे बिघडलेले सॉफ्टवेअर त्याच त्या चुकीची नोंद अखंड लिहीत बसलेले सापडते.

शेजारी डी ड्राइव्ह रिकामा असेल, तर ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘व्हिडिओज’ या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ या भागातून त्यांचा मुक्काम तिकडे हलवावा. ‘प्रोग्राम फाइल्स’ मात्र कट-पेस्ट करून हलत नाहीत. तसे केल्यास सॉफ्टवेअर उघडेनासे होते. डी आणि सी एकाच डिस्कचे दोन भाग असले, तरी डी थोडा लहान करून सी वाढवणे वाटते तितके सोपे नसते. मोकळी केलेली जागा सीच्या उजवीकडे अगदी लगत असावी लागते, आणि मध्ये रिकव्हरी विभाग आला की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय दाबताच येत नाही.

सफाईनंतर २५६ जीबीच्या डिस्कवर २५ जीबी तरी मोकळे राहावेत, असे मी धरून चालतो, कारण मोठ्या अपडेटला जागा लागते आणि एसएसडी (आजच्या लॅपटॉपमधील वेगवान डिस्क) काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग उतरतो. शालेय कामासाठी घेतलेल्या ६४ जीबीच्या स्वस्त लॅपटॉपवर ही चैन परवडत नाही. त्यांची साठवण बहुधा मदरबोर्डलाच डाखलेली असते, म्हणून ती बदलताही येत नाही. तिथे आवृत्ती बदलण्यापूर्वी एक रिकामा पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क जोडून ठेवावी; जागा अपुरी पडली, तर तात्पुरत्या फाइलींसाठी ती वापरण्याची मुभा विंडोज स्वतःच देते, आणि अपडेट पूर्ण होईपर्यंत ती काढायची नसते.