घरी रायल्स ट्यूबमधून फीड देताना

डिस्चार्ज मिळण्याआधी एक हट्ट धरा. सिस्टर समोर उभ्या असताना निदान दोन फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, स्वतःच्या हाताने द्या. नुसतं बघून हे जमत नाही. आणि घरी जो फीड देणार आहे त्यानेच शिकायचं. मुलगा शिकला आणि घरी सूनबाई देतेय, असं झालं की गडबड होते.

नाकातून पोटात गेलेल्या या नळीला जॉन रायल या इंग्रज डॉक्टरचं नाव आहे. त्याने ती १९२१ साली आणली. वॉर्डात तिला नुसतं ‘आरटी’ म्हणतात. नाकाच्या मागून घशात उतरल्यावर अन्ननलिका आणि श्वासनलिका अगदी शेजारी असतात. ठसक्याने, उलटीने किंवा रुग्णाने ओढल्याने नळी वर सरकली, तर फीड फुप्फुसात जाऊ शकतं. नळीच्या बाबतीतली सगळ्यात मोठी भीती हीच, म्हणून खाली तपासण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

सामान थोडंच लागतं: ५० मिलीच्या, जाड तोंडाच्या दोन सिरिंज, मोजमापाचा ग्लास, बारीक जाळीची गाळणी, मायक्रोपोर चिकटपट्टी, न पुसणारं मार्कर पेन आणि द्रव किती आम्ल आहे ते रंगाने दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या. नळीवर कारखान्यातल्या रेषा असतात, पण त्या कंपनीगणिक बदलतात. आपली खूण आपण करायची. घरी आल्याबरोबर, नळी नाकपुडीतून जिथे बाहेर पडते तिथे मार्करने रेघ मारा. तिथून बाहेरच्या टोकापर्यंतची लांबी टेपने मोजा आणि कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवा.

दर फीडआधी हात साबणाने धुवा. रुग्णाला टेकवून बसवा, डोक्याकडची बाजू निदान ३० ते ४५ अंश वर हवी. डोक्याखाली दोन उश्या कोंबल्या की फक्त मान वाकते आणि पोट दाबलं जातं. कंबरेपासून वर उचला. मग रेघ जागेवर आहे का बघा. टॉर्च लावून तोंडात बघा, घशात नळीचं वेटोळं झालेलं नाही ना. आता सिरिंज लावून तिचा दट्ट्या हळू ओढा. थोडा द्रव आला की त्याचे एक-दोन थेंब पीएच पट्टीवर टाका. पीएच ५.५ किंवा त्याखाली असेल तर तो पोटातलाच आम्ल रस. ही तपासणी मागच्या फीडनंतर किंवा औषधानंतर निदान तासाभराने करावी. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर पीएच वर येऊ शकतो, त्यामुळे आपल्या रुग्णासाठी कोणता आकडा धरायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

काहीच आलं नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, १५ ते ३० मिनिटं थांबा, १० मिली हवा सोडा आणि पुन्हा ओढा. नळीचं टोक पोटाच्या भिंतीला चिकटलेलं असलं तर हवेने सुटतं. पाणी मात्र सोडायचं नाही, खात्री होईपर्यंत एक थेंबही नाही. हवा सोडून स्टेथोस्कोपने ‘गुडगुड’ ऐकणं किंवा नळीचं टोक पाण्याच्या वाटीत धरून बुडबुडे बघणं, या जुन्या पद्धती फसव्या आहेत. नळी फुप्फुसात असली तरी तोच आवाज येऊ शकतो. शंका राहिली तर एक्स-रे.

ओढताना मागच्या फीडच्या निम्म्याहून जास्त द्रव आला, तर पोट रिकामं होत नाहीये. तो हळूच परत सोडा आणि तासभर थांबा. पुन्हा तसंच झालं तर फीड न देता डॉक्टरांना फोन करा. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट किंवा लालसर द्रव आला तर थेट रुग्णालय गाठा.

आता प्रत्यक्ष फीड. नळी बोटांत दुमडून धरा, टोपण काढा, सिरिंजचा दट्ट्या बाजूला ठेवून नुसती नळकांडी लावा. आधी ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. ते संपायच्या आत फीड ओता, म्हणजे मध्ये हवा शिरत नाही. नळकांडी रुग्णाच्या पोटापासून फूटभर वर धरा आणि आपसूक उतरू द्या. २५० मिलीला १५ ते २० मिनिटं लागायला हवीत. लवकर उतरलं तर हात खाली घ्या. अडलं तर थोडा वर करा. वेळ नाही म्हणून दट्ट्याने ढकललेलं फीड म्हणजे उलटीला आमंत्रण. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, टोपण, आणि त्यानंतर तासभर रुग्णाला आडवं करायचं नाही. अंग पुसणं, डायपर बदलणं, कूस बदलणं हे सगळं फीडच्या आधी उरकून घ्या.

मध्येच ठसका लागला, धाप लागली, ओठ निळसर झाले तर नळी तिथेच दुमडा, फीड बंद करा, रुग्णाला बसतं किंवा कुशीवर करा आणि १०८ ला फोन लावा.

फीडमध्ये काय, यावर घरोघरी एकच चूक दिसते: वरणावरचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी. नळीतून सहज जातं खरं, पण त्यात पोषण जवळपास नाही, आणि महिन्याभरात रुग्ण वाळतो. त्यापेक्षा ३० ग्रॅम मूगडाळ आणि २० ग्रॅम तांदूळ कुकरला चार-पाच शिट्ट्या देऊन मऊ शिजवा, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरमधून काढा, गाळा, पाण्याने २५० मिली करा. यात साधारण २०० कॅलरी मिळतात. दिवसात असे किंवा दुधाचे मिळून सहा फीड, सकाळी ६ पासून दर तीन तासांनी, हा एक नेहमीचा आराखडा. मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञच ठरवतील. नाचणीचं सत्त्व आणि साबुदाणा गार होताना घट्ट होतात आणि नळीत बसतात. कच्चं अंडं नको. बनवलेलं फीड दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि फ्रिजमधलं थेट न देता कोमट करून घ्या.

औषधं फीडमध्ये कालवायची नाहीत. प्रत्येक गोळी वेगळी कुटून १०-१५ मिली पाण्यात विरघळवा, दोन औषधांच्या मध्ये १० मिली पाणी सोडा. नावापुढे एसआर, ईआर, सीआर असलेल्या (म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या) आणि आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. त्यांना पर्याय मागून घ्या. फिटचं फिनिटोइन चालू असेल तर फीडपासून किती अंतर ठेवायचं तेही विचारा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. आणि बद्धकोष्ठतेवर इसबगोल? कधीच नाही. ते नळीतच फुगतं.

नळी तुंबलीच तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करा, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा करून बघा. लहान सिरिंज लावू नका, तिचा दाब जास्त येतो आणि नळी फाटू शकते. तार घालणं, कोल्ड्रिंक ओतणं हे प्रकार नकोत.

नाकावरची पट्टी रोज बदला. सात-आठ सेंटीमीटरची पट्टी घ्या, अर्ध्यापर्यंत मधोमध चिरा, म्हणजे पायजम्यासारखा आकार होतो. न चिरलेला भाग नाकाच्या शेंड्याच्या वर, आणि दोन्ही पाय नळीभोवती उलटसुलट गुंडाळा. नळी नाकपुडीच्या कडेला वर ओढलेली राहिली तर तिथे जखम होते. तोंडाने खात नसला तरी दिवसातून दोनदा दात आणि जीभ ओल्या ब्रशने साफ करा, मान एका कुशीला वळवून. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत ‘चव म्हणून’ चहाचा चमचा नाही, आणि तीर्थही नाही. भेटायला आलेल्यांना हे दारातच सांगा.

नळी पूर्ण किंवा अर्धी बाहेर आली तर परत ढकलू नका. अर्धी असेल तर टोपण लावून गालाला चिकटवा, लांबी लिहिलेला कागद बरोबर घ्या आणि रुग्णालयात जा. एक-दोन फीड चुकल्याने सहसा बिघडत नाही. इन्सुलिन टोचलेलं असेल तर मात्र थांबून चालणार नाही: निघण्याआधी शुगर मोजा आणि रुग्णालयात पोहोचताच भेटणाऱ्या डॉक्टरांना इन्सुलिन किती वाजता, किती युनिट दिलं ते सगळ्यात आधी सांगा.