उबंटूवर एसक्यूएल सर्व्हर कसा चालवावा

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस 2017 च्या आवृत्तीपासून लिनक्सवरही चालतो. त्यामुळे विंडोज सर्व्हरच्या परवान्याचा खर्च वाचतो, डेटाबेसच्या परवान्याचा मात्र वाचत नाही. डेव्हलपर आवृत्ती मोफत असली तरी ती शिकण्यासाठी आणि चाचणीसाठीच आहे. दुकानाचा किंवा संस्थेचा रोजचा व्यवहार तिच्यावर चालवता येत नाही. त्यासाठी एक्सप्रेस आवृत्ती मोफत वापरता येते, पण 2022 च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे.

येथे उबंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) आणि एसक्यूएल सर्व्हर 2022 ही जोडी गृहीत धरली आहे. यंत्रात किमान 2 जीबी मेमरी असावी आणि डेटाची डिस्क ईएक्सटी4 किंवा एक्सएफएस पद्धतीची असावी. प्रथम मायक्रोसॉफ्टची सही-किल्ली आणि उबंटूच्या त्याच आवृत्तीसाठीची रिपॉझिटरी (पॅकेजचा ऑनलाइन साठा) जोडावी, मग एपीटी या उबंटूच्या पॅकेज बसवण्याच्या साधनाने सर्व्हरचे पॅकेज बसवावे. त्यानंतर एमएसएसक्यूएल-कॉन्फ ही आज्ञा सेटअपसह चालवली की ती आवृत्ती विचारते, परवान्याच्या अटींना संमती घेते आणि 'एसए' या मुख्य खात्याचा पासवर्ड ठरवून घेते.

एसक्यूएलसीएमडी हे जोडणीचे साधन वेगळ्या पॅकेजमध्ये येते. त्याची 18 वी आवृत्ती जोडणी एन्क्रिप्ट करण्याचा आग्रह धरते आणि सर्व्हरचे स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र नाकारते, म्हणून नवखा माणूस येथे हमखास अडखळतो. चाचणीच्या यंत्रावर मोठ्या लिपीतला 'सी' हा पर्याय दिला की काम होते. फायरवॉलमध्ये 1433 हे पोर्ट फक्त कार्यालयातील संगणकांपुरते उघडावे.

विंडोजवरचा जुना बॅकअप लिनक्सवर उतरवता येतो. मात्र त्यात 'सी' ड्राइव्हचे पत्ते नोंदलेले असल्यामुळे रिस्टोअर करताना 'मूव्ह' वापरून प्रत्येक फाइलची नवी जागा सांगावी लागते. शिवाय बॅकअपची फाइल रूट या प्रशासकाच्या खात्याने आणून ठेवली असेल, तर सर्व्हरला ती वाचता येईलच असे नाही. तिची मालकी एमएसएसक्यूएल या वापरकर्त्याकडे द्यावी.

मराठी मजकुराबाबत विशेष जपावे. नेहमीच्या लॅटिन कोलेशनमधील (अक्षरांचा संच आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांतील) 'व्हारकॅर' या मजकूर-प्रकाराच्या रकान्यात देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि एकदा तशी साठवली गेली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून रकाना 'एनव्हारकॅर' प्रकारचा ठेवावा आणि क्वेरीत अवतरणाच्या आधी 'एन' लिहावे, कारण तो विसरला तर रकाना योग्य असूनही तीच गत होते. 2019 पासून यूटीएफ-8 कोलेशनही उपलब्ध आहे, पण त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तर 'एनव्हारकॅर'मध्ये दोनच. मराठीपुरते पाहता जुना मार्गच स्वस्त पडतो.

एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामे चालवणारा एसक्यूएल एजंट नसतो, त्यामुळे रोजच्या बॅकअपची आज्ञा लिनक्सच्या क्रॉन या तशाच सोयीतून द्यावी आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर हलवण्याची सोयही त्याच वेळी करावी.