दुसऱ्या ब्लॉगला लिंक देताना या चुका टाळा

नव्या ब्लॉगरला सुरुवातीचे वाचक बऱ्याचदा दुसऱ्या ब्लॉगरकडूनच मिळतात. सर्च इंजिनला तो अजून नीट सापडलेला नसतो आणि सोशल मीडियावरची पोस्ट एक-दोन दिवसांत खाली जाते. पण कुणी आपल्या लेखात ‘या विषयावर हे जरूर वाचा’ म्हणून दिलेली लिंक पुढे वर्षानुवर्षं वाचक पाठवत राहते. मदत करायची इच्छा बहुतेकांना असते. लिंक मात्र अशा तऱ्हेने दिली जाते की समोरच्याला तिचा उपयोग होत नाही, कधी तर नुकसानच होतं.

अख्खा लेख उचलून खाली ‘साभार’

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, आणि ती बहुतेक वेळा प्रेमापोटी होते. लेख आवडला म्हणून पूर्ण कॉपी केला, खाली लेखकाचं नाव आणि लिंक टाकली. आता वाचकाने मूळ ब्लॉगवर जावं तरी कशाला? त्यात भर म्हणजे एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला की गुगल साधारणपणे त्यातला एकच निकालांत दाखवतं. तुमचा ब्लॉग जुना आणि जास्त नावाजलेला असेल तर ती जागा तुमच्या प्रतीला मिळू शकते, म्हणजे लेखक स्वतःच्याच लेखाच्या शोधात मागे पडतो. उद्या त्याने लेखातली एखादी चूक दुरुस्त केली तरी तुमच्याकडे जुनंच राहतं. शिवाय परवानगी न घेता पूर्ण लेख छापला तर नुसतं श्रेय दिल्याने कॉपीराइटचा प्रश्न सुटत नाही.

त्यापेक्षा दोन-तीन वाक्यं अवतरणात घ्या, लेखात नेमकं काय सापडलं ते आपल्या शब्दांत सांगा आणि पुढचं वाचायला तिकडे पाठवा. एखादा मुद्दा पटला नसेल तर तेही लिहा. मुद्देसूद मतभेदासह दिलेली लिंक कोरड्या कौतुकापेक्षा जास्त वाचली जाते, असं मला ठामपणे वाटतं.

होमपेजची लिंक आणि ‘इथे क्लिक करा’

लेखाबद्दल लिहायचं आणि लिंक मात्र ब्लॉगच्या पहिल्या पानाची द्यायची, हे सर्रास चालतं. महिन्याभरात तो लेख पहिल्या पानावरून खाली सरकतो आणि तुमचा वाचक तिथे शोधत बसतो. लेख उघडा, त्याचाच पत्ता घ्या.

लिंक कुठल्या शब्दांवर आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. ‘कुंडीतल्या रोपांबद्दल वाचण्यासाठी इथे क्लिक करा’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. ‘कुंडीत पाणी साचलं की मुळं का कुजतात, हे तिने फोटो काढून टप्प्याटप्प्याने दाखवलंय’ असं लिहा आणि ‘मुळं का कुजतात’ या शब्दांवर लिंक द्या. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर बऱ्याचदा पानावरच्या फक्त लिंक ऐकत पुढे जातात. त्यांना ओळीने ‘इथे क्लिक करा’ एवढंच ऐकू येतं. तिकडचं पान कशाबद्दल आहे याचा अंदाज घेताना गुगलही हे शब्द वाचतं.

‘तुम्ही माझी द्या, मी तुमची देतो’

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँकचा (पानांचं महत्त्व ठरवण्याची गुगलची पद्धत) पाया असा होता की लिंक हे एक प्रकारचं मत आहे, आणि वजनदार पानाच्या मताला जास्त किंमत. तेव्हापासून मतांचा व्यापारही सुरू झाला. एकमेकांना आवडीने लिंक देण्यात काहीच वावगं नाही. पण क्रमवारीसाठी ठरवून, मोठ्या प्रमाणावर केलेली अदलाबदल गुगलच्या नियमांत स्पॅममध्ये मोडते. गुगलने एप्रिल 2012 मध्ये शोधपद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ या बदलानंतर अशा लिंकवर पोसलेल्या अनेक साइट निकालांत खाली गेल्या.

पैसे घेऊन दिलेल्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही सर्च इंजिनसाठीची खूण लावा. ती 2019 पासून आहे. त्याआधीची ‘नोफॉलो’ (ही लिंक शिफारस म्हणून धरू नका, असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) 2005 ची. आता उलटी चूक पाहा: भीतीपोटी प्रत्येक बाहेरच्या लिंकवर नोफॉलो. ज्या लेखाची तुम्ही मनापासून शिफारस करताय, त्यालाच तुम्ही ‘याची हमी मी देत नाही’ असा शिक्का मारता. काही प्लगइन हे आपसूक करतात, तेव्हा सेटिंग एकदा तपासा.

लिंक दिली, पण उघडत नाही

पत्त्याच्या सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ राहून गेलं, की ब्राउझर तो पत्ता तुमच्याच साइटमधला समजतो आणि वाचकासमोर 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा संदेश येतो. लेखकाने ड्राफ्टची लिंक पाठवली असेल तर ती बहुधा त्याच्याच लॉगिनमध्ये उघडते. वाक्याचा पूर्णविराम लिंकमध्ये शिरला तरी पत्ता बिघडू शकतो.

देवनागरी पत्त्यांची गोष्ट वेगळी. कॉपी केल्यावर त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या, मात्रेच्या जागी टक्क्याच्या चिन्हांसह 9 चिन्हं येतात, आणि ही लांबलचक माळ चॅटमध्ये मधेच तुटते. वर्डप्रेस लेखाच्या नावाचा पत्ता 200 चिन्हांवर कापतं, म्हणजे देवनागरीत जेमतेम 22 अक्षरं-मात्रा. स्वतःच्या लेखाला छोटा पत्ता दिलात तर इतरांना लिंक देणं सोपं जातं. लिंक टाकल्यावर ती इनकॉग्निटो विंडोत (ब्राउझरची अशी खिडकी, जिथे तुमचं लॉगिन लागू नसतं) एकदा उघडून पाहाच.

लेखकाला कळवलंच नाही

पिंगबॅक (लिंक दिल्याची ब्लॉगकडून ब्लॉगला जाणारी सूचना) आपोआप जाईल यावर विसंबू नका; स्पॅममुळे पुष्कळांनी तो बंद केलाय. दोन ओळींचा मेल पुरतो: कुठे लिंक दिली आणि का. बदल्यात लिंक मागू नका.

तुटलेल्या जुन्या लिंक

प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, 2013 साली असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तेव्हा स्वतःच्या लेखाचा पत्ता उगाच बदलू नका, कारण इतरांनी दिलेल्या सगळ्या लिंक त्याच क्षणी मरू शकतात. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावर 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचेल. तुम्ही दिलेली लिंक तुटली असेल तर ती काढून टाकण्याआधी लेखाचं शीर्षक शोधा, बऱ्याचदा लेखक नव्या ठिकाणी गेलेला असतो. ब्लॉगच बंद झाला असेल तर वेबॅक मशीनवरच्या (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) प्रतीची लिंक द्या. तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’ची सोय आहे, ती वापरून आज लिंक देतानाच त्या लेखाची प्रत जतन करून ठेवा.