पिकपूल उघडायच्या आधी लिंबू बाजूला ठेवा

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिएला राहायला आलो तेव्हा व्हाइट वाइन म्हणजे दुकानात समोर जी दिसेल ती, एवढंच माझं ज्ञान होतं. मग इथल्या एका शेजाऱ्याने कालवांसोबत (म्हणजे ऑयस्टर) पिकपूल द पिने नावाची इथली व्हाइट वाइन पाजली आणि मी लिंबाची फोड उचलली तर म्हणाला, ती ठेव खाली, लिंबू ग्लासात आहे. तेव्हापासून माझा हाच हिशोब आहे, ज्या ताटात लिंबू पिळावंसं वाटतं त्या ताटाशेजारी पिकपूल ठेवायची, बाकी फार डोकं लावायचं नाही.

ही वाइन लांगदोक या इथल्या प्रदेशातली, एरो जिल्ह्यातली, आणि फक्त पिकपूल ब्लां याच द्राक्षाची. पिने, मेझ, फ्लोरांसाक, पोमेरोल, मोंतान्याक आणि कास्तेलनो-द-गेर, एवढ्या सहा गावांच्या हद्दीतलीच. 2013 पासून तिला स्वतःचा वेगळा एओसी दर्जा आहे, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येतं. पिकपूल म्हणजे ओठाला चावणारी असं लोक सांगतात, खरंखोटं देव जाणे, पण पहिला घोट घेतला की पटतं. उन्हाळा एवढा कडक असूनही या द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो, शिवाय समुद्राचा वारा आहेच. शेजारी तो नावाचं खारं सरोवर आहे (हो, नाव 'तो'च आहे, मराठीत बोलताना घोळ होतो), त्यातच कालवं वाढवतात.

बाटली ओळखायला सोपी, उंच, सडपातळ, हिरवी, काचेवरच लांगदोकचा क्रॉस उठवलेला. इथे सहसा दहा युरोच्या आत मिळते. साल बघून ताजीच घ्या, मागच्या वर्षीची किंवा फार तर त्याच्या आधीची, कारण ही मुरवत ठेवायची वाइन नाही, जपून ठेवलीत तर जी मजा आहे तीच जाईल.

गार करायची ती 8 ते 10 डिग्रीपर्यंत. फ्रिजमध्ये दोन-तीन तास पुरे. पाहुणे दारात आणि बाटली कपाटात असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून वीस मिनिटं बुडवून ठेवा, नुसत्या बर्फाने होत नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, मी विसरलोय, सकाळी बूच वर आलेलं आणि मटाराच्या पाकिटावर वाइनचा बर्फ.

आता कालवं. त्याच सरोवराकाठच्या बूझिग गावची घ्या, 3 नंबरची, म्हणजे मध्यम (नंबर जितका लहान तितकं कालव मोठं, उलटं आहे). खोलगट बाजू खाली ठेवून जाड फडक्यात धरायचं, बिजागरी आपल्या मनगटाकडे, आणि उजव्या कडेला बिजागरीपासून दोन तृतीयांश अंतरावर कालवांची बोथट छोटी सुरी हलवत हलवत आत घालायची, तिथेच शिंपला घट्ट धरणारा स्नायू असतो, तो कापला की झाकण आपोआप सैल. जोर मनगटाचा, खांद्याचा नको, नाहीतर सुरी थेट तळहातात. पहिलं पाणी ओतून टाका, थोड्या वेळात परत सुटतं आणि ते जास्त चांगलं लागतं. मग कालव तोंडात, दोनदा चावून, लगेच वाइनचा छोटा घोट. खारट आणि आंबट एकत्र आले की मागे किंचित गोडसर चव राहते, तेवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

कच्चं नको असेल तर ब्राझ्युकाद करा. द्राक्षवेलींच्या वाळलेल्या काटक्यांवर मोठ्या पसरट तव्यात काळे शिंपले (मसल्स) उघडेपर्यंत भाजायचे, वरून ऑलिव्ह तेल, थाईम. जवळच्या सेत बंदराची तिएल पण छान जाते, ऑक्टोपस आणि टोमॅटोचं सारण भरलेली गोल पाई, जराशी तिखट. तळलेले माकूळ तर डोळे मिटून. चीजमध्ये सेव्हेन डोंगरातलं पेलार्दों, शेळीच्या दुधाचं, पण ताजं मऊ असतानाच. सेतचीच माकारोनाद मात्र नको, मॅकरोनी, मांस आणि टोमॅटो सॉस म्हटल्यावर रेडच काढा. गोडासोबत तर बिलकुल नाही, वाइन नुसती आंबट पाणी लागते.

आई आली होती तेव्हा माकूळ रवा लावून तळले, मीठ-हळद-आलं-लसूण एवढंच, तिखट नावापुरतं, मस्त जमलं. दुसऱ्या दिवशी लाल वाटणाचं कालवण केलं आणि उरलेली पिकपूल काढली तर जिभेला नुसती आग, आंबट आणि तिखट एकमेकांना चढवतात. आईने ग्लास सरकवून ताक मागितलं.

उरली तर घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस चालते, नंतर शिंपले वाफवताना त्यातच ओता, कांदा-पार्सली घालून, आणि मीठ घालायच्या आधी रस्सा चाखून बघा, शिंपल्यांचं पाणी आधीच खारट असतं.