निकाल लागेपर्यंत प्रार्थना कशी करावी

बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, नोकरी टिकेल की नाही ठाऊक नाही, अशा वेळी 'विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल' म्हणणारे चर्चच्या मंडळीत पुष्कळ भेटतात. मी तसं म्हणत नाही. ठीक होईलच, असं शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठे लिहिलंय?

आधी त्यातलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांतच दावीद राजा देवाला 'कोठवर' असं चारदा विचारतो. तुम्हीही विचारा, अगदी तक्रारीच्या सुरात. शेवटी तो गातो, पण तिथवर घाईने उडी मारू नका. तेवढंही बळ नसेल तर 88वं स्तोत्र घ्या. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहेच ना!

मग वही काढा आणि फक्त उद्याचं लिहा. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा होता. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, सोय सोडली तर साठवलेल्यात किडे पडले. आमच्या यांचा पगार थांबला तेव्हा माझ्या वहीत एवढंच असायचं: दूधवाल्याशी बोलणे, शाळेत फीची मुदत मागणे. 'आमेन' म्हटलं की फोन लावायचा.

रविवारची उपासना चुकवू नका. गळा दाटला तर ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं बाकीचे गातील, तुम्ही नुसतं उभं राहा. चर्चच्या पाळकसाहेबांना खरं सांगा. महिला मंडळाला मात्र तपशील कमीच द्या, प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली तो गावभर होतो. आणि प्रार्थना चालू आहे म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही.