पंचावन्नच्या पुढे न जाणारी लेन्स

दापोलीजवळच्या हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. होड्या लांब पाण्यात नांगरलेल्या, बैलगाड्या चाकं बुडतील एवढ्या पाण्यात शिरलेल्या, वाळूवर बांगड्याचे आणि कोळंबीचे ढीग, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला. २०१८च्या डिसेंबरात मी तिथे पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो. बाहेरगावचे तीन-चार जण आधीच उभे होते, हातभर लांबीच्या लेन्सा आणि दणकट ट्रायपॉड घेऊन. माझ्याकडे सेकंडहँड कॅनन १३००डी आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. कॅमेरा पिशवीतून न काढता मी दापोलीला परत आलो. पुढचे दोन महिने तो कपाटातच होता.

नव्याने कॅमेरा घेतलेल्या कुणाशीही बोललं की हाच टप्पा ऐकायला मिळतो. सुरुवातीचा उत्साह तीन-चार महिने टिकतो, मग दुसऱ्यांचे फोटो बघून आपलं सामान कमी वाटायला लागतं. पुढची लेन्स घेतली की उत्साह परत येईल, असं मन सांगतं. माझी नोकरी पतसंस्थेतली. पुढची लेन्स म्हणजे चार-पाच पगारांची बचत. ती घेतली नाही आणि अजूनही घेतलेली नाही. त्यामुळे आहे त्यातच काय जमतं ते शोधणं भाग पडलं.

किट लेन्सचं गणित समजून घ्या, कारण माझं सगळं पुढचं त्यातूनच आलं. १८ला तिचं प्रकाश आत घेणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर ३.५पर्यंत उघडतं, ५५ला फक्त ५.६पर्यंत; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. म्हणजे झूम पूर्ण मागे ठेवला तर साधारण अडीच पट प्रकाश आत येतो. लिलाव रंगात येतो तेव्हा ऊन गेलेलं असतं. चालता माणूस हलू नये म्हणून शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेता येत नाही आणि या कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते, १६००च्या वर नेला की फोटोत खरखरीत दाणे दिसायला लागतात. तेव्हा लांबून झूम करून फोटो काढायचा विषयच संपतो. १८वर राहायचं आणि पायाने पुढे जायचं. पण १८वर माणूस फ्रेममध्ये नीट भरायला हवा असेल तर त्याच्यापासून दोन हातांवर उभं राहावं लागतं. आणि दोन हातांवर उभं राहून, न बोलता, कुणाच्या तोंडावर कॅमेरा धरता येत नाही.

मग बोलायला लागलो. पहिल्या काही फेऱ्यांत फोटो जवळजवळ काढलेच नाहीत. आज काय आलं, भाव काय फुटला, बर्फ कुठून येतो, हेच विचारत राहिलो. मासळीच्या पाट्या सांभाळत बसणारी एक काकी दोन-तीनदा माझ्याकडे बघून शेवटी म्हणाली, "अरे, नुसता कॅमेरा गळ्यात घालून फिरतोस, काढ की एखादा." तो माझा बंदरावरचा पहिला खरा फोटो. फोकस तिच्या डोळ्यांवर न बसता पाटीच्या काठावर बसलेला आहे. तरीही पुढच्या खेपेला चार बाय सहा इंचाची प्रिंट काढून तिला नेऊन दिली.

प्रिंटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नवीन लोक हे टाळतात. फोटो मोबाइलवर पाठवला की समोरचा अंगठा दाखवतो आणि विसरतो. कागदावरचा फोटो घरात जातो. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटला जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल लागतात, आठ बाय बाराला नऊच्या आत. माझा जुना कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे भिंतीवर लावण्याइतक्या प्रिंटलाही तो पुरून उरतो. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून जे दाणे छळतात, ते कागदावर बहुतेक वेळा दिसतही नाहीत. महिन्याला चार प्रिंट, एवढा खर्च मी बाजूला ठेवतो. प्रिंट द्यायची राहिली असेल तर त्या शनिवारी कंटाळा आला तरी जावंच लागतं. माझ्यापुरता उत्साहाचा प्रश्न इथेच सुटला.

रोज एक फोटो काढायचा, असाही नेम करून पाहिला होता. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास मोडला, आणि मोडल्यावर जे अपराधी वाटलं त्यात आणखी महिना गेला. तुम्हाला जमत असेल तर जरूर करा, पण नोकरी करणाऱ्याला मी तिथी धरून जायला सांगेन. आपल्याकडे भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी पार मागे हटतं. सूर्य बुडायच्या वेळी ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा असतो आणि त्यात आकाश उतरतं. अशा वेळी १८ची लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर धरली की पुरे. अष्टमीच्या संध्याकाळी तिथेच पाणी वर आलेलं असतं, मग लाटा आणि खडक बघायचे. हिशोब ढोबळ आहे. खडकांत उतरायचं असेल तर भरतीचं छापील वेळापत्रक बघूनच उतरा आणि कुणाला तरी सांगून जा.

पावसाळा सगळ्यांत अवघड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बंदर ओस, आणि हवेत इतका ओलावा की चामड्याच्या चपलेवरही बुरशी येते. २०१९च्या पावसात माझी लेन्स बॅगेत घालून कपाटात ठेवली होती. गणपतीत काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. साफसफाईला गेलेले पैसे परवडणारे नव्हते. तेव्हापासून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलचे खडे घालून त्यात कॅमेरा ठेवतो. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी ओल पुरेपूर ओढली असं समजायचं. ते परत सुकवताना स्वयंपाकाची कढई वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. समुद्रावरून आल्यावर कॅमेरा आधी किंचित ओलसर फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने. नुसत्या कोरड्याने पुसलं तर मिठाचे कण घासले जातात.

पण डबा बंद करून दोन महिने बसू नका. माझ्या आजोळच्या घरात माजघरावर एक काचेचं कौल आहे. सकाळी पाऊस उघडला की त्यातून उजेडाची तिरीप उतरते, आणि चुलीचा धूर असला की ती तिरीप हाताने धरावी अशी दिसते. त्या एका तिरिपेत मी मामीचे, भांड्यांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे जितके फोटो काढलेत, तितके सूर्यास्ताचेही नसतील. ऑगस्टच्या शेवटी कातळावर फुलं येतात, तेव्हा पोटावर झोपून काढायचे. ही लेन्स पाव मीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. ते चढलं रायगडच्या किनाऱ्यावर, पण दापोली-मंडणगडलाही कौलं, पत्रे, माडा-पोफळीच्या बागा, काहीच सोडलं नाही. रस्ते मोकळे झाल्यावर हर्णैला गेलो. कॅमेरा नेला नव्हता, न्यावासाही वाटला नाही. काकीच्या घराचा अर्धा पत्रा उडालेला. पेटीतले कागद, लग्नाचा अल्बम, सगळं भिजून एकमेकांना चिकटलेलं. तिने अंगणात खुर्ची दिली आणि विचारलं, "आमच्या म्हाताऱ्याचा तो जाळं शिवतानाचा फोटो तुझ्याकडे असेल रे?"

म्हातारा म्हणजे तिचे सासरे. आदल्या दिवाळीत गेले होते. तो फोटो मी नापास ठरवलेला. अंधार पडलेला, आयएसओ ३२०० करावा लागलेला, दाणेच दाणे, डावा हात थोडा हललेला. पुसून टाकला नव्हता, एवढंच. वीज परत आल्यावर शोधला आणि तालुक्याला जाऊन आठ बाय बाराची प्रिंट काढली, लॅमिनेशन करून. काकीने फोटो हातात घेतल्यावर दाण्यांकडे बघितलं नाही. बोटाने हललेला हात दाखवून शेजारणीला म्हणाली, "बघ, सुई ओढतायत."

तेव्हापासून बंदरावरचा एकही माणसाचा फोटो मी पुसत नाही. हार्ड डिस्क दोन आहेत, दुसरी बहिणीकडे चिपळूणला. फाइलच्या नावात तारीख, तिथी आणि माणसाचं नाव घालतो. कुणाचं नाव माहीत नसेल तर पुढच्या खेपेला ते विचारणं हे पहिलं काम.